पाच लाखांच्या आत नवी गाडी: काय उरलंय, आणि ती हातात कशी पडते

‘साडेतीन लाखांपासून पुढे’ अशी जाहिरात वाचून शोरूममध्ये गेलेला माणूस साडेसहा लाखांचं कोटेशन घेऊन बाहेर येतो. जाहिरात खोटी नसते. ती सर्वांत साध्या, बेस मॉडेलची असते, रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा न धरलेल्या एक्स-शोरूम किमतीची असते, आणि ते मॉडेल यार्डात उभं असेलच असं नसतं. स्वस्त नवी गाडी बाजारातून अजून पूर्ण गेलेली नाही, पण ती आता समोरून कोणी दाखवत नाही. नाव, व्हेरिएंट आणि आकडा हातात धरून ती मागावी लागते. ती कशी मागायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे. कर आणि पासिंगचे आकडे महाराष्ट्राचे आहेत.

आधी, काय उरलंय ते पाहा

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. नॅनो २००९ मध्ये लाखाच्या किमतीचा गाजावाजा करत आली आणि दहा वर्षांत संपली. डॅटसनने एप्रिल २०२२ मध्ये भारतातला गाशा गुंडाळला, त्याच वर्षी सँट्रो बंद पडली, आणि मार्च २०२३ च्या अखेरीस अल्टो ८००ही गेली. २०१५-१६ मध्ये पाच लाखांखालच्या गाड्या वर्षाला नऊ लाखांवर विकल्या जायच्या. २०२४-२५ मध्ये हा आकडा पंचवीस हजारांच्या आसपास आला.

कारणं एकावर एक चढत गेली. एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. एप्रिल २०२० ला धुराच्या नियमांत बीएस-४ वरून थेट बीएस-६ लागू झालं. मग पुढच्या प्रवाशाचीही एअरबॅग, आणि एप्रिल २०२३ ला बीएस-६ चा दुसरा टप्पा, म्हणजे धुराची तपासणी प्रत्यक्ष रस्त्यावर. यातलं काहीच अनाठायी नव्हतं. अडचण हिशोबाची आहे. एबीएसचा संच किंवा धूर गाळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चार लाखांच्या गाडीत बसवा नाहीतर बारा लाखांच्या, खर्चात गाडीच्या किमतीइतका फरक पडत नाही. बारा लाखांत तो मुरून जातो, चार लाखांत उठून दिसतो. शिवाय सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, एकदम भरावा लागतो. दुचाकीवरून चारचाकीकडे येणाऱ्या कुटुंबाचा हात इथेच आखडला, आणि खप घटला तशी कंपन्यांनी छोटी मॉडेलं गुंडाळली.

२२ सप्टेंबर २०२५ ला थोडं उलट वारं आलं. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवरचा कर २८ टक्के जीएसटी अधिक १ टक्का सेस यावरून सरळ १८ टक्क्यांवर आला. एक्स-शोरूम किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी उतरते, असा याचा अर्थ. त्या वेळी जाहीर झालेल्या सुरुवातीच्या किमती अशा होत्या: एस-प्रेसो ३.५० लाख, अल्टो के१० ३.७० लाख, रेनोची क्विड ४.३० लाख, टाटाची टियागो ४.५७ लाख, सेलेरिओ ४.७० लाख, वॅगन-आर ४.९९ लाख. आजची किंमत कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून पाहा. पण यादी जवळपास एवढीच. पाच लाखांखाली सुरू होणारी नवी पेट्रोल गाडी म्हटलं की एका हाताची बोटं आणि वर एक-दोन.

पाच लाखांपासून उलटं मोजा

एक्स-शोरूम ४,५०,००० रुपयांची, हजार सीसीच्या आतली पेट्रोल गाडी धरू. खासगी मालकाच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ४९,५००. नोंदणी ६००, कर्ज असेल तर नोंदणीच्या कागदावर (आरसी) बँकेचा बोजा चढवण्याचे १,५००, स्मार्ट कार्ड २००. तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता हजार सीसीपर्यंत ६,५२१, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ७,६९५. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एका वर्षाचा विमा कंपनी आणि ॲड-ऑनप्रमाणे (वर घेतलेल्या जादा संरक्षणाप्रमाणे) बदलतो, इथे १२,००० धरला. बेरीज होते ५,२१,४९५.

म्हणजे ‘साडेचार’ची गाडी रस्त्यावर येईपर्यंत सव्वापाचच्या जवळ जाते. तुमच्याकडे ऑन-रोड पाच लाखच असतील, तर एक्स-शोरूम आकडा ४ लाख ३० हजारांच्या पुढे जाता कामा नये. हा आकडा कागदावर लिहूनच शोरूमची पायरी चढा. सेल्समन ‘महिन्याला फक्त चौदाशे जास्त’ म्हणतो तेव्हा त्याच कागदाकडे बघायचं असतं.

इंजिन १००० सीसीच्या वर गेलं, उदाहरणार्थ ११९९ सीसीची टियागो, की थर्ड पार्टीचा हप्ता १०,६४० होतो. जीएसटी धरून हा फरक ४,८६० रुपयांचा.

सीएनजीचं गणित वेगळं मांडावं लागतं. कंपनी फिटेड सीएनजीला साधारण नव्वद हजार जास्त पडतात, पण जुलै २०२५ नंतरही दहा लाखांपर्यंतच्या सीएनजी गाडीला कर ८ टक्केच आहे. वरचीच गाडी सीएनजीत ५,४०,००० ची झाली तर कर ४३,२०० येतो, पेट्रोलपेक्षा ६,३०० कमी. राहिले ८३,७००. पेट्रोल १०४ रुपये आणि खरं अ‍ॅव्हरेज १८ धरलं तर किलोमीटरला ५.७८ रुपये, सीएनजी ८५ रुपये आणि किलोला २५ किलोमीटर धरलं तर ३.४०. फरक २.३८ रुपये. सुमारे पस्तीस हजार किलोमीटरनंतर जास्तीचे पैसे वसूल होतात. आपल्या गावचे दर घालून हेच पुन्हा करा. महिन्याला हजार किलोमीटरही होत नसतील तर तीन वर्षं नुसती वसुलीतच जातात, वर डिकी सिलिंडरने अडलेली आणि दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी. पंपावरची रांग या हिशोबात धरलेलीच नाही.

नवीच घ्यायची का, हे इथेच ठरवा

सव्वापाच लाखांत तीन वर्षं वापरलेली वरच्या वर्गातली गाडीही येते, आणि घरी कोणीतरी हे म्हणणारच. जुनी गाडी घेणं वाईट नाही, पण भाव ठरवताना एक चूक सर्रास होते. विकणारा सांगतो, ‘मला तेव्हा ऑन-रोड साडेसहा पडली.’ तो आकडा जीएसटी कमी होण्याआधीचा आहे. तुलना त्याच मॉडेलच्या आजच्या नव्या किमतीशी करा. आज ती नवी सहाला मिळत असेल, तर तीन वर्षांच्या गाडीला पाच देणं म्हणजे लाखभर वाचवण्यासाठी तीन वर्षांची वॉरंटी आणि नवे टायर सोडून देणं.

घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी बघा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही. दुसरं, गाडीच्या नंबरवर ई-चलन थकलंय का. तिसरं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली किलोमीटरची नोंद मीटरशी जुळते का. चौथं, विम्याचा क्लेम किती वेळा आणि कशासाठी झाला. ठोकलेली गाडी रंगावरून ओळखू येत नसेल, तर बोनेट उघडून फेंडरचे बोल्ट बघा. पाना लागलेल्या बोल्टच्या कडांचा रंग उडालेला असतो. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

कोणती गाडी, कोणासाठी

अल्टो के१० ची डिकी २१४ लिटर, क्विडची २७९, सेलेरिओची ३१३, वॅगन-आरची ३४१. आईवडिलांना घेऊन गावी जाणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवाळीत कळतो. गुडघे दुखणाऱ्यांना वॅगन-आरची उंच सीट सोयीची पडते, कारण खाली वाकून बसावं लागत नाही. टेस्ट ड्राइव्हला त्यांनाच बरोबर न्या आणि मागच्या सीटवर बसवा.

सुरक्षेबाबत जरा थांबून वाचा. २०२५ मध्ये मारुतीने अल्टो के१०, सेलेरिओ आणि वॅगन-आरमध्ये सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटना दिल्या, एस-प्रेसोत मात्र दोनच राहिल्या. पण एअरबॅगची संख्या आणि सांगाड्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत टियागोला २०२० मध्ये दोन एअरबॅगवर चार तारे मिळाले होते. २०२३ मध्ये अल्टो के१० ला दोन आणि वॅगन-आरला एक मिळाला. तेव्हा चाचणीचे नियम कडक झाले होते, त्यामुळे तारे सरळ एकाखाली एक मांडून चालत नाही. पण पुणे-कोल्हापूर, मुंबई-नाशिक असा नियमित हायवे असेल तर आमचा कौल टियागोकडे. गावातल्या गावात बाजार-शाळा-ऑफिस असेल तर अल्टो के१० पुरे, आणि तिचा देखभालीचा खर्चही कमी.

बेस मॉडेल मागायचं कसं

डीलर चालणारा माल भरतो. बेस मॉडेल कमी विकलं जातं म्हणून कमी मागवलं जातं, आणि कमी मागवलं जातं म्हणून दाखवायला नसतं. डीलरला त्यात कमाईही कमी. म्हणून उत्तर ठरलेलं असतं: ‘सर, ते फक्त नावाला आहे, तीन-चार महिने लागतील.’ खरंच लागतात की नाही, हे असं तपासा:

१. व्हेरिएंटचं पूर्ण नाव आणि रंग लिहून तीन डीलरना विचारा, त्यातला एक शेजारच्या जिल्ह्यातला असू द्या. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर राहत्या राज्यातल्या कुठल्याही आरटीओत गाडीची नोंदणी होऊ शकते. म्हणजे सातारकराने पुण्यातून गाडी घेतली तर बिघडत नाही.

२. बेस मॉडेलला बहुधा दोन-तीनच रंग असतात. ‘पांढरा किंवा करडा, कोणताही चालेल’ म्हटलं की वाट पाहणं कमी होतं.

३. बुकिंगची रक्कम कंपनीच्या नावाच्या पावतीवरच द्या. पावतीवर व्हेरिएंट, रंग, तारीख आणि रद्द केल्यास किती परत मिळणार हे लिहून घ्या. कंपनीच्या सिस्टिममधला ऑर्डर नंबर मागा. तो आला नाही तर तुमचं बुकिंग सेल्समनच्या डायरीतच आहे.

४. ‘वरचं व्हेरिएंट उद्या देतो, वीस हजार सूट’ ही हाक हमखास येते. दोन्हींच्या ऑन-रोड किमतीतला फरक काढा आणि त्या फरकात मिळणाऱ्या वस्तूंची यादी समोर ठेवा. एसी आणि पॉवर स्टिअरिंग वरच्या व्हेरिएंटमध्येच असेल तर जरूर वर जा, ते मागून बसवण्यात अर्थ नाही. टचस्क्रीन, व्हील कव्हर आणि बॉडीच्या रंगाचे आरसे यांसाठी साठ हजार मोजू नका.

कोटेशन ओळीओळीने वाचा

कोटेशन छापील घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालेल, तोंडी आकडा चालणार नाही. एक्स-शोरूम, कर, नोंदणी, विमा आणि फास्टॅग या पाच ओळी रास्त. पुढच्या ओळींवर बोट ठेवा.

‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ चार्ज: कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच असतो. ही ओळ काढायला सांगा. काढत नसतील तर हा चार्ज कोणत्या नियमाखाली घेता ते लिहून द्या म्हणा. बहुतेक वेळा ती ओळ तिथल्या तिथे जाते.

‘इसेन्शियल किट’: मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, एक अत्तराची बाटली, आणि आकडा बारा ते अठरा हजार. सक्तीचं काही नाही. मॅट आणि मडफ्लॅप बाहेर निम्म्यात मिळतात.

‘नंबर प्लेट’: एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, नव्या गाडीबरोबर कंपनीनेच द्यायची असते. वेगळे पैसे लावले असतील तर विचारा.

विमा हा डीलरच्या कमाईचा मोठा भाग, म्हणून ‘आमच्याकडूनच घ्या, नाहीतर सूट नाही’ असं म्हणतात. विमा कुठून घ्यायचा हे ठरवायचा हक्क तुमचा आहे. बाहेरचं कोटेशन आणा आणि तेवढ्यात द्या म्हणा, बऱ्याचदा तीन-चार हजार तिथेच उतरतात. तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सारखी ठेवा. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते, ती खाली ओढूनही हप्ता स्वस्त दाखवता येतो. ॲड-ऑनमध्ये झिरो डेप घ्या. त्याशिवाय प्लास्टिक आणि रबरी भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि छोट्या गाडीत पहिला मार खातो तो प्लास्टिकचा बंपरच. पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल, मुंबई असो वा सांगली, तर इंजिन प्रोटेक्टही घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून इंजिन बसलं तर साधा विमा ते भरून देत नाही.

जुनी चारचाकी विकत असाल तर तिचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, गाडीबरोबर देऊन टाकू नका. तो मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या विमा कंपनीकडून दाखला घेतला की तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो, आणि नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. दुचाकीचा बोनस मात्र चारचाकीला चालत नाही.

कर्ज: टक्का कोणता, ते विचारा

चार लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे ८,४००, एकूण व्याज १ लाख ४ हजार. तेच सात वर्षांना घेतलं तर हप्ता ६,५३८ वर येतो, पण व्याज १ लाख ४९ हजार होतं. पंचेचाळीस हजार जास्त, म्हणजे जवळपास या गाडीचा रोड टॅक्स.

‘आमचा दर फक्त सव्वापाच टक्के’ असं कोणी म्हणालं तर तो फ्लॅट दर आहे का ते विचारा. फ्लॅट दरात व्याज शेवटपर्यंत मूळ चार लाखांवरच मोजतात. पाच वर्षांत ते १ लाख ५ हजार होतं, म्हणजे हा दर घटत्या शिलकीच्या साडेनऊ टक्क्यांपेक्षाही किंचित महागच. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा दंड हे दोन आकडे मंजुरीपत्रात शोधा. कार लोन बहुधा फिक्स्ड दराचं असतं आणि दंड तिथेच असतो.

पासिंगच्या आधी यार्डात जा

गाडी तुमच्या नावावर नोंदवल्यानंतर दोष सापडला की ती बदलून मिळणं जवळपास अशक्य. म्हणून क्रम असा ठेवा: गाडी तुमच्या नावे राखून ठेवली गेली, चासी नंबर मिळाला, यार्डात जाऊन पाहिली, पसंत पडली, मग विमा, मग कर आणि नोंदणी. उरलेली मोठी रक्कमही तपासणीनंतरच द्या. जायचं ते दिवसा उजेडात. शोरूमच्या पिवळ्या दिव्याखाली रंगातला फरक कळत नाही, आणि पावसात ओल्या गाडीवरचा ओरखडाही.

सुरुवात चासी नंबरपासून करा. तो १७ अक्षरांचा असतो. बहुतेक कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६. फॉर्म २१, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. तो आकडा आधीच विचारा. जानेवारीत मागच्या वर्षाची गाडी घेण्यात गैर काही नाही, फक्त त्याची सूट वेगळी मागून घ्या, कारण विकताना समोरचा एक वर्ष जास्त मोजणार आहे.

मग टायर. कडेला चार आकडे असतात: ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी साधारण एकाच काळातली असावी. गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी असेल तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक डिस्कवरचा तांबूस गंज मात्र किरकोळ असतो, पाच-सात ब्रेक मारले की निघून जातो. याउलट बॅटरी बघण्यासारखी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट असावेत. १२.२ च्या खाली असतील तर ती उतरलेली किंवा बदलायला आलेली आहे. डीलरकडे मीटर असतो, मागा.

बोनेटखाली उंदरांच्या लेंड्या किंवा कुरतडलेलं इन्सुलेशन दिसतंय का ते टॉर्च लावून पाहा. उघड्या यार्डात हे नेहमीचं आहे आणि त्यातून निघणारे इलेक्ट्रिकल दोष वॉरंटीत बसत नाहीत. चारही दारांचे आणि बोनेटचे फटी-सांधे दोन्ही बाजूंनी सारखे आहेत का, दाराच्या रबरी बीडिंगवर रंगाचे शिंतोडे आहेत का, सगळ्या काचांवर एकाच कंपनीची खूण आहे का, हे बघून गाडी ने-आण करताना ठोकली गेली होती का ते कळतं. शेवटी इंजिन चालू करून दहा मिनिटं एसी, सगळे दिवे, वायपर, खिडक्या, पाचही सीटबेल्ट. मीटरवर शंभरच्या पुढे आकडा असेल तर का, ते लिहून मागा.

बेस मॉडेल सजवताना

म्युझिक सिस्टिम, स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा बाहेरून बसवायला हरकत नाही, अट एकच: वायर कापायची नाही. गाडीच्या कनेक्टरमध्ये बसणारा कपलर मिळतो, तो वापरणाराच मेकॅनिक निवडा. वायर कापून टेप गुंडाळली की इलेक्ट्रिकल वॉरंटीचा दावा सर्व्हिस सेंटर पहिल्या नजरेत फेटाळतं. आधी डॅशबोर्डमागे स्पीकरची वायरिंग आलेली आहे का ते बघून घ्या. काही बेस मॉडेलमध्ये ती असते, काहींत दारापर्यंत नव्याने ओढावी लागते आणि खर्च दुप्पट होतो.

सीट कव्हरची घाई करू नका. सहा एअरबॅगच्या गाड्यांत पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, एक एअरबॅग दडलेली असते. तिथे शिवणीवर छोटी पट्टी असते. नेहमीचं घट्ट कव्हर त्यावरून ओढलं की अपघातात ती बॅग फुटायला वाट मिळत नाही किंवा उशीर होतो. त्या बाजूला उसवणारी शिवण असलेलं कव्हर मागा. दुकानदार ‘सगळ्यांना हेच बसवतो’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने गाडी दामटू नका, चढावर वरच्या गियरमध्ये रेटू नका, पाच माणसं आणि सामान भरून घाटात नेऊ नका. मारुतीच्या तीन मोफत सर्व्हिस एक हजार, पाच हजार आणि दहा हजार किलोमीटरला, किंवा एक, सहा आणि बारा महिन्यांनी असतात, जे आधी येईल ते. मोफत असते ती मजुरी, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात. तारीख चुकवली तर वॉरंटीच्या दाव्यात तीच फट दाखवली जाते.

कर्ज फिटलं की बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते. एनओसीला मुदत असते, त्यामुळे ते कागद कपाटात न ठेवता आरटीओत देऊन आरसीवरचा बोजा उतरवा, आणि त्याच आठवड्यात विम्याच्या पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढून घ्या. ते राहिलं तर गाडी चोरीला गेल्यावर क्लेमचा चेक बँकेच्या नावाने निघू शकतो.